दिगंबर, पहिलवान आणि कॅमेरा

मराठी भाषेचा इतिहास शिकवताना श्रवणबेळगोळच्या शिलालेखाचे नाव घेतले नाही असा शिक्षक विरळाच. चामुंडरायाने ही मूर्ती करविली, गंगराजाने भोवतीचा परिसर करविला, एवढाच मजकूर सांगणाऱ्या त्या दोन ओळी मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव वाक्यांत गणल्या जातात. त्या ओळी मूर्तीबरोबरच कोरल्या की गंगराजाच्या काळी, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभी, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रायगड जिल्ह्यातील अक्षीचा लेख त्याहून जुना आहे असेही अनेक जण मानतात. तो वाद आपण भाषेच्या शिक्षकांकडे सोपवू. आमचे लक्ष गेले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. हे वाक्य कोठे कोरले आहे, हे धडा शिकवताना क्वचितच सांगितले जाते. ते आहे इ.स. 981 च्या सुमारास घडवलेल्या, सुमारे 57 फूट उंचीच्या आणि संपूर्ण विवस्त्र अशा एका पुरुषाच्या पायांपाशी.

हजार वर्षे लाखो माणसे त्या मूर्तीपुढे उभी राहिली. बायका-मुलांसह राहिली. दर बारा वर्षांनी होणाऱ्या मस्तकाभिषेकाची छायाचित्रे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येतात. 2018 सालीही आली. 1981 मधील सहस्राब्दी सोहळ्यात तर पंतप्रधान इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून मूर्तीवर पुष्पवृष्टी केली होती. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. मात्र त्याच देशात 1995 साली बुटांच्या एका जाहिरातीत एक विवस्त्र पुरुष व एक विवस्त्र स्त्री दिसली, आणि त्या चित्रावरचा खटला चौदा वर्षे चालला. पुरुषाच्या उघड्या देहाकडे आपण केव्हा आदराने पाहतो, केव्हा कौतुकाने, केव्हा कुतूहलाने आणि केव्हा पोलिसांना बोलावतो? या प्रश्नाचा माग काढायला कोल्हापूरसारखा दुसरा परिसर नाही. कारण इथे या देहाची बहुतेक रूपे तीस-पस्तीस किलोमीटरच्या टापूत भेटतात.

दोन शब्द

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत उघड्या देहासाठी बरेच शब्द आहेत, पण त्यातले दोन एकमेकांपासून फार दूर उभे आहेत. 'दिगंबर' म्हणजे दिशा हेच ज्याचे वस्त्र आहे तो. हे नाव आपण मुलाला हौसेने ठेवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच नृसिंहवाडीत दत्ताला या नावाने हाक मारतात तेव्हा त्या शब्दाचा मूळ अर्थ कोणाच्या मनातही येत नाही. दुसरा शब्द 'नागवा'. त्यावरून झालेले 'नागवणे' हे क्रियापद कपड्यांपुरते राहिलेले नाही. सावकाराने कुळाला नागवले, दलालाने शेतकऱ्याला नागवले, म्हणजे लुबाडले. थोडक्यात, ज्याने स्वतः वस्त्र टाकले तो दिगंबर. ज्याचे दुसऱ्याने काढून घेतले तो नागवा. शरीर दोघांचे सारखेच असते. पुढे कॅमेऱ्याचा विषय येईल तेव्हा हा भेद उपयोगी पडणार आहे, म्हणून तो इथेच नोंदवून ठेवतो.

भोज ते कुंभोज

हातकणंगले तालुक्यातील कुंभोज हे गाव शिक्षकांना ठाऊक असते ते कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव म्हणून. त्याच गावाजवळच्या बाहुबली या क्षेत्री 1963 साली 28 फूट उंचीची संगमरवरी बाहुबलीची मूर्ती उभी राहिली. शाळांच्या सहली तिथे जातात. मूर्तीपुढे उभ्या राहिलेल्या पाचवी-सहावीच्या रांगेत खसखस पिकते, एखादी शिक्षिका डोळे वटारते, आणि रांग पुढे सरकते. या गडबडीत मुलांना बाहुबलीची गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती गोष्ट तर कोल्हापूरच्या मुलांना सांगायलाच हवी अशी आहे.

भरत आणि बाहुबली हे ऋषभदेवाचे मुलगे. राज्यावरून दोघांत संघर्ष झाला. सैन्ये लढवून माणसे मारण्यापेक्षा भावाभावांनीच निकाल लावावा असे ठरले. तीन लढती झाल्या. पहिली दृष्टियुद्ध, म्हणजे पापणी न लवू देता एकमेकांकडे पाहणे. दुसरी जलयुद्ध. तिसरी मल्लयुद्ध, म्हणजे चक्क कुस्ती. तिन्ही बाहुबलीने जिंकल्या. शेवटच्या लढतीत त्याने थोरल्या भावाला वर उचलले, आणि राज्यासाठी आपण हे काय करतो आहोत या विचाराने त्याला विरक्ती आली. सर्व काही सोडून तो उभा राहिला तो इतका काळ, की पायांशी वारुळे झाली आणि अंगावर वेली चढल्या. मूर्तीच्या मांड्यांवर आणि दंडांवर कोरलेल्या वेली त्याच. जिंकलेल्या पहिलवानाने जिंकलेले सारे टाकून दिले, त्यात वस्त्रही गेले. नग्नता इथे अपरिग्रहाची शेवटची पायरी आहे. दिगंबर मुनीजवळ उरते ती जीवजंतू अलगद बाजूला सारण्यासाठी मोरपिसांची पिंछी आणि पाण्यासाठी कमंडलू.

मूर्ती विवस्त्र असणे एक, आणि जिवंत माणूस गावातून विवस्त्र चालत जाणे दुसरे. हे दुसरे या भागात अखंड चालत आले असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. एकोणिसाव्या शतकात दिगंबर मुनींची परंपरा फार क्षीण झाली होती. धर्माचा कारभार पाहत ते भट्टारक, आणि ते वस्त्रे वापरीत. जे थोडे मुनी दक्षिणेत होते त्यांच्यापैकी काही जण गावात शिरताना अंगावर कापड घेत. हे चित्र पालटले ते बऱ्याच अंशी निपाणीजवळच्या भोज गावच्या एका शेतकरी कुटुंबातल्या माणसामुळे. 1872 साली जन्मलेल्या या गृहस्थांनी 1920 साली मुनिदीक्षा घेतली आणि पुढे ते आचार्य शांतिसागर म्हणून प्रसिद्ध झाले. सांगली जिल्ह्यातील समडोळी येथे 1924 साली त्यांना आचार्यपद मिळाले. शास्त्रात सांगितले तसेच पूर्ण दिगंबर राहायचे, घरातही आणि रस्त्यावरही, हा त्यांचा आग्रह होता. आपल्या संघासह ते पायी उत्तर हिंदुस्थानातही गेले. 1955 साली कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेने देह ठेवला. आज भारतात कोठेही दिगंबर मुनी रस्त्याने चालताना दिसतात, त्यांच्यापैकी बहुतेकांची गुरुपरंपरा शोधत गेले तर ती या नावापाशी येते. डरहॅम विद्यापीठाचे मानवशास्त्रज्ञ मायकेल कॅरिदर्स यांनी 1980 च्या दशकात कोल्हापूर भागातील दिगंबर जैन समाजाचा अभ्यास केला आणि 1989 साली या मुनींवर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. परदेशी संशोधकाला जे कुतूहल वाटले ते आपल्याला वाटत नाही, याचे कारण सोपे आहे. सवय झाली की दिसणे थांबते.

माती आणि लंगोट

तालमीतला पहिलवान पूर्ण विवस्त्र नसतो. त्याच्या अंगावर लंगोट असतो, पण फक्त लंगोट असतो. लंगोटाचे काम दुहेरी आहे. एक शरीरशास्त्राचे. वृषणे शरीराच्या पोकळीबाहेर असतात, कारण शुक्रजंतू तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागते. या सोयीची किंमत अशी, की शरीराचा इतका नाजूक भाग हाडांच्या संरक्षणाबाहेर राहतो. झटापटीत तो सांभाळायला घट्ट बांधलेले कापड हवे. दुसरे काम नीतीचे. 'लंगोटाचा सच्चा' हा वाक्प्रचार कापडाबद्दल नाही हे सांगायला नको. वस्ताद तालमीत नव्या पोराला डावपेच शिकवण्याआधी जे नियम शिकवतो त्यात ब्रह्मचर्य असते. मुनीचा उघडा देह व्रताने राखलेला असतो. पहिलवानाचा उघडा देहही एका व्रताच्याच आधाराने चारचौघांत येतो.

बाकी अंग उघडे का? कापड असले की प्रतिस्पर्ध्याला पकड मिळते, हे एक कारण. दुसरे मातीत आहे. कोल्हापूरच्या हौद्यातली तांबडी माती नुसती माती नसते. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर असे काय काय मिसळतात, ती चाळतात, भिजवतात, उलटीपालटी करतात. घामाने निसरड्या झालेल्या कातडीवर ही माती फासली की घर्षण वाढते आणि हात सटकत नाही. लढतीआधी एकमेकांच्या अंगावर माती टाकतात तो मान आहे, तशी ती सोयही आहे.

हाच प्रकार अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये चालत असे. तिथले खेळाडू पूर्ण विवस्त्र होऊन अंगाला तेल लावीत, त्यावर बारीक धूळ घेत आणि खेळ संपला की 'स्ट्रिजिल' नावाच्या वाकड्या धातूच्या पट्टीने तेल-माती-घामाचा लेप खरवडून काढीत. व्यायामशाळेसाठी जो 'जिम्नॅशियम' शब्द आपण वापरतो त्यातला 'जिम्नोस' म्हणजे नग्न. ग्रीकांनाही ही रीत सुरुवातीपासूनची वाटत नव्हती. एके काळी आम्हीही कमरेला वस्त्र बांधत होतो, असे त्यांचे इतिहासकार थ्युसिडिडीस आणि तत्त्वज्ञ प्लेटो दोघेही नोंदवून ठेवतात. इ.स.पू. 326 मध्ये अलेक्झांडरबरोबर तक्षशिलेला आलेल्या ग्रीकांना तिथे विवस्त्र साधू भेटले. त्यांना ग्रीकांनी नाव दिले 'जिम्नोसोफिस्ट', म्हणजे नग्न तत्त्वज्ञ. आखाड्यात नग्न असणे त्यांच्या नित्याचे होते. नग्न राहून विचार करणे मात्र त्यांना नवलाचे वाटले!

रोमन लोकांना ग्रीकांची ही नग्नता बिलकूल पसंत नव्हती. चारचौघांत अंग उघडे टाकण्यापासूनच अधःपात सुरू होतो, अशी तिथल्या जुन्या वळणाच्या लोकांची समजूत होती. गंमत अशी, की कोल्हापूरच्या कुस्तीला घर मिळाले ते रोमच्या नमुन्यावरून. 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज युरोपात गेले असता त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले, आणि त्यातून 1912 साली खासबागेचे मैदान तयार झाले. बशीसारखा उतार, मधोमध मातीचा हौदा. कोठेही बसा, पुढच्याचे डोके आड येत नाही. हजारो डोळ्यांना एकाच वेळी दोन उघडे देह दिसावेत यासाठीच ही वास्तू घडवली आहे. मात्र पाहणाऱ्यांनी काय पाहायचे तेही ठरलेले असते. डाव, दम, मानेची जाडी, मांडीची पकड. हलगी वाजते, शड्डू घुमतो आणि प्रेक्षक चीतपट होण्याची वाट पाहतो. राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव 1948 साली लंडनच्या आणि 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा माती जाऊन गादी आली आणि लंगोटाच्या जागी अंगाला चिकटून बसणारा पोशाख आला. हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. ज्या ऑलिंपिकचे मूळ नग्न खेळाडूंत होते तिथे आपल्या मल्लाला अंग झाकावे लागले, ही इतिहासाची आणखी एक गंमत.

अभ्यासासाठी देह

चित्रकलेच्या शाळांत उघडा देह अभ्यासाची वस्तू म्हणून आला. 1543 साली व्हेसॅलियसने शरीररचनेचा ग्रंथ छापला. त्यातले स्नायू दाखवणारे पुरुष, कातडी सोललेल्या अवस्थेत, निसर्गदृश्यात ऐटीत उभे आहेत. युरोपच्या कलाशाळांत फार काळ 'नग्न देहाचा अभ्यास' म्हणजे पुरुषाच्याच देहाचा अभ्यास असे. पण तो करायचा पुरुष विद्यार्थ्यांनी. लंडनच्या रॉयल अकादमीने विद्यार्थिनींना पुरुष मॉडेलवरून काढायला 1893 साली परवानगी दिली, तीही त्याला कमरेला गुंडाळूनच. त्याआधी, 1886 साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या कलाशाळेत टॉमस इकिन्स या शिक्षकाने मुली बसलेल्या वर्गात पुरुष मॉडेलचे कमरेचे वस्त्र काढले. कमरेजवळचे स्नायू एकमेकांत कसे मिळतात ते दाखवायचे होते, असे त्याचे म्हणणे. त्याला नोकरी सोडावी लागली. हा इकिन्स शरीरविच्छेदनाचे पाठ देणारा कसलेला शिक्षक होता. पुढे 1899 साली त्याने दोन कुस्तीगिरांचे एक सुंदर चित्र रंगवले.

लंडनच्याच एका संग्रहालयातली गोष्ट याहून मजेदार आहे. मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची पूर्णाकृती प्लास्टर प्रतिकृती 1857 साली राणी व्हिक्टोरियाला भेट आली. राणी किंवा राजघराण्यातील स्त्रिया भेटीला येणार असल्या की अडकवायला प्लास्टरचे एक मोठे अंजिराचे पान तयार ठेवले होते. ते लटकवायला मूर्तीवर दोन आकडे बसवलेले होते. ते पान संग्रहालयाने जपून ठेवले आहे आणि आता स्वतंत्रपणे मांडले आहे.

मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय त्याच 1857 सालचे. तिथे विद्यार्थी प्रथम ग्रीक-रोमन मूर्तींच्या प्लास्टर प्रतिकृतींवरून देह शिकत. कोल्हापुरात 1867 साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर 1890 साली तिथे दाखल झाले. पुढे शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झालेले आबालाल रहिमान त्यांच्याही आधी तिथे शिकून गेले. जिवंत विवस्त्र मॉडेल समोर बसवून रीतसर वर्ग सुरू झाले ते ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात, 1919 नंतर. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी चित्रकारांनी मानवी देहाचे पहिले धडे गिरवले ते अपोलोच्या अंगावरून, गल्लीतल्या तालमीतल्या पोराच्या नव्हे. ही संधी वाया गेली असे आम्हाला वाटते. खांदा हलताना पाठीचा स्नायू कसा उमटतो ते प्लास्टर कधीच दाखवू शकत नाही. जोर मारणारा मुलगा ते पहाटे पाच वाजता फुकट दाखवतो.

पडद्यावर मात्र तालमीतले अंग लवकर आले. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 'सैरंध्री' काढला, तो 1920 साली झळकला. त्यातला भीमाने केलेला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरची कात्री चालली. कात्री चालली ती रक्तपातावर. मल्लाच्या उघड्या अंगावर आक्षेप घ्यावा असे कोणालाही सुचले नाही.

जाळीपुढचा माणूस

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. उघड्या देहाला एक जागा आहे, आणि त्या जागेचे नियम पाहणाऱ्याला माहीत आहेत. मंदिर, आखाडा, चित्रकलेचा वर्ग. कॅमेऱ्याने नेमके हेच मोडले. छायाचित्र जागेपासून सुटते. ते खिशात मावते, टपालाने जाते, कोणाच्याही हाती पडते.

सुरुवातीला कॅमेऱ्याने विज्ञानाचेच काम केले. एडवर्ड मायब्रिज याने 1878 साली धावत्या घोड्याचे चारही पाय क्षणभर जमिनीपासून सुटतात हे ओळीने लावलेल्या कॅमेऱ्यांनी सिद्ध केले, ही गोष्ट आपण वर्गात सांगतो. त्याच्या पुढच्या कामाबद्दल सांगत नाही. 1884 ते 1886 या काळात फिलाडेल्फियात, इकिन्सच्याच गावात, त्याने माणसाच्या हालचाली टिपल्या. चालणे, धावणे, जिना चढणे, दगड उचलणे, कुस्ती खेळणे. 1887 साली 781 तक्त्यांचा संच निघाला. त्यातले अनेक पुरुष पूर्ण विवस्त्र आहेत, कारण सांधे आणि स्नायू दिसायला हवे होते. मागे दोऱ्यांची चौकटी जाळी आहे, म्हणजे हालचाल मोजता यावी. बरेच जण विद्यापीठातले खेळाडू. एका तक्त्यात पांढऱ्या दाढीचा एक उघडा माणूस आहे. यादीत त्याची नोंद 'माजी खेळाडू, वय सुमारे साठ' अशी आहे. तो स्वतः मायब्रिज.

त्याच काळात पॅरिसमध्ये एतियेन-ज्यूल मारे हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ हाच प्रश्न उलट बाजूने सोडवत होता. त्याने माणसाला डोक्यापासून पायांपर्यंत काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढून चालवले. छायाचित्रात माणूस नाहीसा झाला, उरल्या फक्त रेषा आणि ठिपके. चाल मोजायला हे चित्र मायब्रिजच्या चित्रांपेक्षा कितीतरी सरस होते. गती समजून घ्यायला नग्नता लागतेच असे नाही, हे मारेने दाखवून दिले. काळी विजार, काळा सदरा आणि पांढरी चिकटपट्टी एवढ्या साहित्यावर हा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. मोबाइलवर चित्रफीत घेऊन ती एकेक चौकट पुढे सरकवली की लंबकासारखी झुलणारी तंगडी मुलांना स्वच्छ दिसते.

पण ती जाळी मायब्रिजची नव्हती. 1869 साली जॉन लँप्री या इंग्रजाने लाकडी चौकटीवर रेशमी दोरे ताणून दोन-दोन इंचांचे चौकोन केले आणि त्यापुढे निरनिराळ्या 'वंशां'च्या माणसांना विवस्त्र उभे करून त्यांची मोजमापे घेता येतील अशी पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी टॉमस हेन्री हक्सले यांनी ब्रिटिश वसाहतींतल्या लोकांची विवस्त्र छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून, काढून पाठवावीत अशी योजना आखली. डार्विनचा खंदा पाठीराखा म्हणून आपण ज्यांचे नाव आदराने घेतो तेच हे हक्सले. योजना फारशी यशस्वी झाली नाही, कारण ठिकठिकाणी लोकांनी असे उभे राहायला नकार दिला. ज्यांना नकार देण्याची सोय नव्हती त्यांची छायाचित्रे निघाली. 1890 च्या दशकात अंदमानात मॉरिस पोर्टमन या अधिकाऱ्याने तिथल्या आदिवासींना अशाच चौकटीच्या पडद्यापुढे उभे केले. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले की आपला तो शब्द आठवतो. मायब्रिजच्या जाळीपुढे उभा असलेला धावपटू दिगंबर आहे असे म्हणता येणार नाही, पण तो नागवलेला नक्कीच नाही. अंदमानचा माणूस नागवलेला आहे. जाळी तीच, कॅमेरा तसाच, देहही तसाच.

देहाच्या प्रदर्शनाचा धंदा करणारेही याच सुमारास निघाले. यूजेन सँडो हा बलदंड माणूस कमरेला पान लावून काढलेल्या छायाचित्रांनी जगभर पोहोचला. 1901 साली लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने 'आदर्श गोऱ्या पुरुषाचा नमुना' म्हणून त्याच्या अंगाचा प्लास्टर साचा घेतला. विज्ञानाच्या नावाखाली काय काय चालत असे त्याचा हा एक नमुना! 1904-05 मध्ये तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्याआधीच त्याच्या पद्धतीचा व्यायाम करू लागले होते. पुढे सँडो सोडून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्यांनी औंध संस्थानातल्या शाळांतून ते सक्तीचे केले. स्वतः उघड्या अंगाने सूर्यनमस्कार घालणाऱ्या या राजाची छायाचित्रे सचित्र पुस्तकांतून घरोघर गेली. राजाने प्रजेपुढे असे उभे राहणे युरोपात कोणाला रुचले नसते.

कायदा काय पाहतो

मराठीत नग्नतेचा प्रश्न पहिल्यांदा बुद्धीच्या पातळीवर मांडला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने. र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य' 1927 ते 1953 असे चालले, खटले अंगावर घेत चालले. 1934 च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. नग्नतेत मुळात अश्लील काही नाही, हे कर्वे निर्भीडपणे लिहीत. तरी त्यांच्या मुखपृष्ठांवर नग्न चित्रे येत ती बहुधा स्त्रियांची. इतका धारदार विचार करणाऱ्यालाही 'नग्नचित्र' म्हणजे स्त्रीचे चित्र ही कल्पना पुरती टाळता आली नाही, असे आमचे मत आहे.

अश्लीलतेचे भारतीय दंड संहितेतील 292 वे कलम मुख्यतः प्रकाशनासाठी होते. 1969 च्या दुरुस्तीनंतर त्यातून विज्ञान, साहित्य, कला व विद्या यांच्या हितासाठी केलेले लेखन-चित्रण तसेच धार्मिक उपयोगाची वस्तू आणि प्राचीन वास्तूंवरील शिल्पे वगळलेली होती. म्हणजे आपण वर सांगितलेल्या जागा कायद्याने लेखी मान्य केल्या. जाहिरात त्या जागांत बसत नाही. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे या दोघा मराठी मॉडेलांचे अजगरासह काढलेले बुटांच्या जाहिरातीचे छायाचित्र आरंभी सांगितलेल्या खटल्याचा विषय होते. निकाल 2009 साली लागला आणि ते निर्दोष सुटले. टेनिसपटू बोरिस बेकर व त्याची वाग्दत्त वधू यांच्या 1993 साली छापलेल्या विवस्त्र छायाचित्राचा खटला 2014 साली सर्वोच्च न्यायालयात संपला. नग्नता म्हणजेच अश्लीलता नव्हे, चित्र कोणत्या संदर्भात आहे ते समाजाच्या आजच्या मापाने पाहावे, असा त्याचा आशय. एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी कसोटी तेव्हा मागे पडली. तरी 2020 साली गोव्याच्या किनाऱ्यावर धावतानाच्या छायाचित्रावरून सोमण यांच्यावर आणि 2022 साली एका मासिकातील छायाचित्रांवरून रणवीर सिंह याच्यावर मुंबईत गुन्हे नोंदवले गेलेच. या दोघांनी स्वतःच्या इच्छेने कपडे उतरवले होते.

ज्याचे कपडे इच्छेविरुद्ध उतरवले जातात त्या मुलाचे काय? वसतिगृहात नव्या मुलाला विवस्त्र करणे ही रॅगिंगची जुनी तऱ्हा आहे. महाराष्ट्राने रॅगिंगविरोधी कायदा 1999 साली केला तेव्हा खोलीत जे घडले ते बहुधा खोलीतच राहत असे. आता प्रत्येकाच्या खिशात मायब्रिजच्या सगळ्या कॅमेऱ्यांहून वेगवान कॅमेरा आहे. आणि 'मुलगाच तर आहे' असे म्हणून मोठी माणसे हसून सोडून देतात. मुलीच्या बाबतीत तसे कोणी म्हणणार नाही. चोरून पाहण्या-टिपण्याविरुद्ध 2013 साली दंड संहितेत जे कलम आले त्यात पीडित म्हणून फक्त स्त्री धरली होती, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 77 व्या कलमातही तसेच आहे. 18 वर्षांखालील मुलाला 2012 चा पॉक्सो कायदा मुलीइतकेच संरक्षण देतो. अठरा ओलांडलेल्या मुलासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 ई हे कलम आहे. संमतीवाचून कोणाच्याही गुप्तांगाचे चित्र टिपणे, पाठवणे किंवा प्रसिद्ध करणे त्यात गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या कलमात 'स्त्री' हा शब्द नाही. 'कोणतीही व्यक्ती' असे आहे. शाळा-कॉलेजांच्या सूचनाफलकावर हे कलम मुलांना वाचता येईल अशा अक्षरात लावायला एक कागद पुरतो.